डावीकडची खुर्ची

कलकत्त्याच्या एका मेडिकल कॉलेजात मी काचेच्या बरण्या पुरवायचो. तिथले मेंदू सांभाळणारा बंगाली म्हातारा बरणीच्या काचेत एक बुडबुडा दिसला तरी ती परत करायचा. मी भडकलो की म्हणायचा, "राग मत करो दादा, इसमें आदमी रहेगा."

एके दिवशी त्याने बरणी परत केली तेव्हा मी आधीच तापलेला होतो. अर्धांगवायूनंतर माझा थोरला भाऊ माझ्याकडे बघतच नव्हता. जन्मभर कमी लेखलं, आता हे. मी म्हाताऱ्याला तसं बोलून दाखवलं.

"आप किस तरफ बैठता है?"

"भाई के बायीं तरफ."

लोडशेडिंग होतं. त्याने चपला काढल्या, एक मेंदू दोन्ही हातांनी खिडकीपाशी नेला आणि उजव्या बाजूचा सुपारीएवढा काळा डाग दाखवला. "इतना बिगड़ा, तो बायाँ तरफ का दुनिया गया. थाली में आधा भात भी छोड़ देता."

भाऊ रोज अर्धा भात टाकत होता. तेवढ्याशा डागात मी अख्खा बुडालो होतो.

बालीगंजला घरी येऊन मी खुर्ची त्याच्या उजवीकडे ठेवली.

"अरे," भाऊ म्हणाला, "इतके दिवस होतास कुठे?"