घराची अ‍ॅलर्जी

“मॅडम, मला माझ्या घराची अ‍ॅलर्जी आहे. तेवढं कागदावर लिहून द्या.”

विलासरावांनी खुर्चीत टेकायच्या आधीच निदान सांगून टाकलं. अशा पेशंटमुळे माझा बराच वेळ वाचतो. त्यांच्या एका बाजूला त्यांची आई बसली, दुसऱ्या बाजूला बायको सुरेखा. म्हणजे ज्या घराची अ‍ॅलर्जी होती ते बहुतेक सगळं घर माझ्या केबिनमध्ये हजर होतं.

मी विट्यात त्वचेची डॉक्टर आहे. आमच्या भागातली पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं आटवून शुद्ध करायचं, ही गलाई. त्यासाठी ती देशभर पांगलेली असतात. विलासराव मिसरूड फुटायच्या आत केरळात गेले. लग्न इथे झालं, मुलं इथे वाढली, ते मात्र वर्षातून पंधरा दिवस सुट्टीला यायचे. आता चाळिशी ओलांडल्यावर तिकडचं दुकान धाकट्या भावाकडे सोपवून ते कायमचे गावी आले होते. दिवाळी आनंदात गेली. मग थंडी पडली आणि अंगाला खाज सुटली.

त्यांच्याकडे पुरावा होता. मधे कामासाठी आठवडाभर केरळात गेले तर खाज गायब. परत आले तर दारात हजर. सोनं पारखणारा माणूस, कसोटीवर घासल्याशिवाय बोलणार नाही. त्यांनी बोअरच्या पाण्यावर संशय घेतला होता, म्हशीवर घेतला होता, सुरेखाच्या कपडे धुण्याच्या पावडरवरही घेतला होता. आईंचा संशय खाण्यावर होता. त्यांनी वांगं, दही आणि शेंगदाणे बंद करून टाकले होते. आमच्याकडे शेंगदाण्याचं कूट बंद केलं की भाजीत फक्त पाणी आणि मीठ उरतं. सुरेखाचा चेहरा पाहून मला त्या भाजीची चव कळली.

मी त्यांचे हातपाय पाहिले. नडग्यांवर, हातांवर कोरड्या मातीसारख्या भेगा, कोपराच्या आत लाल चट्टे, कमरेला नखांचे ओरखडे. लहानपणी असं व्हायचं का, विचारलं. आई म्हणाल्या, व्हायचं की, थंडीत अंग उकलायचं त्याचं.

“विलासराव, तुमचा प्रयोग बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय,” मी म्हटलं. “ही घराची अ‍ॅलर्जी नाही. हा एक्झिमा आहे.”

काही जणांची त्वचा जन्मापासून ओल धरून ठेवत नाही. केरळात हवाच ओलसर, त्यामुळे ती गोष्ट झाकून गेली. आमच्या पठारावर हिवाळ्यात कोरडं वारं सुटतं आणि त्वचेतली उरलीसुरली ओल घेऊन जातं. कोरडी त्वचा खाजते, खाजवलं की चिरते, चिरली की अजून खाजते. शेंगदाण्यांचा इथे काही दोष नव्हता.

लाल चट्ट्यांवर थोडे दिवस लावायला एक मलम दिलं. ते औषध, ते बेतानंच लावायचं. आणि मॉइश्चरायझरची मोठी बरणी दिली. ते औषध नव्हे, त्वचेवरचं झाकण. ते सढळ हाताने लावायचं. आंघोळ कोमट पाण्याने, झटपट. अंग घासायचं नाही. टॉवेलने टिपून, ओलसर अंगावरच बरणीतलं लावायचं. स्वेटरच्या आत सुती बनियन घालायचा. हे सगळं मी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून दिलं. शेंगदाणे सुरू करा, असंही लिहिलं. सुरेखा पहिल्यांदा हसली.

दोन आठवड्यांनी तिघं परत आले. विलासरावांची खाज वाढली होती आणि चेहऱ्यावर विजय होता.

“मी म्हटलं नव्हतं?” ते म्हणाले. “बरणी संपली मॅडम. तळ खरवडला.”

मी चक्रावले. बरणी संपवणारा पेशंट लाखात एक. बहुतेक जण बोटाच्या टोकाने हळदीकुंकवासारखं लावतात आणि वर्षभर पुरवतात. बरणी संपली आणि त्वचा मात्र जशीच्या तशी कोरडी, हे काही जुळेना. लावतं कोण, मी विचारलं.

“मी लावती की,” आई अभिमानाने म्हणाल्या. “पाटावर बसवून. पायापासनं मानंपतुर रगडून लावती.”

“आणि मग?”

“मग कढत पाण्यानं न्हाऊ घालती. बेसन लावून. चिकट अंगानं कुटं हिंडंल त्यो?”

मी विलासरावांकडे पाहिलं. केरळातल्या बाजारपेठेत ज्यांच्या शब्दावर सोन्याचा कस ठरायचा, ते घरी रोज पाटावर बसून आईकडून आंघोळ घालून घेत होते. ते भिंतीवरच्या कॅलेंडरमधली एकादशी शोधू लागले.

आंघोळीनंतर लावा असं मी लिहिलं होतं, हे मी आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, लिहिताना तुमची गडबड झाली असंल म्हणून मी नीट करून घेतलं. त्यांचंही बरोबर होतं. आपल्याकडे तेल आधी लावतात, मग उटण्याने नाहीतर बेसनाने काढतात. त्याच शिस्तीत माझी अख्खी बरणी मोरीत गेली होती. त्यांच्या मोरीला यंदा एकही भेग पडली नसणार.

मी चांगली खरडपट्टी काढायच्या बेतात होते. तेवढ्यात सुरेखा म्हणाली, मॅडम, माझ्या टाचा उकलल्यात, जरा बघता का? मग तिने सासूबाईंना आणि नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं.

तिच्या टाचा लोण्यासारख्या होत्या.

“ह्या कशानं?” मी विचारलं.

“त्याच बरणीतलं. तुमी कागदावर लिवल्यापरमानं लावलं.”

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. मग बोलली का नाही, असं मी जरा जोरातच विचारलं.

“मॅडम, हे तिकडं असायचे तवा वर्षातनं पंधरा दिवस यायचे. तेवढे दिवस न्हाऊ घालायचं, येवढंच सासूबाईंच्या हाताला यायचं. ते मी कसं काढून घिऊ? आन न्हाई काढलं तर खाजंपायी हे परत जातील. बॅगा माळ्यावरनं खाली काढल्या. तिकिटाचं बग म्हणून पोराला सांगितलंय.” ती थांबली. “लगीन झाल्यापासनं पयल्यांदा हे घरात हायती. तुमीच सांगा त्यास्नी. पर जरा बेतानं.”

माझी खरडपट्टी जागच्या जागी विरली. त्वचेच्या पुस्तकांत भेगांवर प्रकरणं असतात, पण सुरेखा त्यातल्या एकातही बसत नव्हती.

दोघांना आत बोलावलं. आईंना मी भाकरीचं विचारलं.

“मावशी, तव्यावरनं भाकरी काढली की काय करता?”

“फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवती.”

“लगेच?”

“मग? उघडी ठेवली तर वारं लागून कडक हुती.”

“आणि तुमचा विलास? त्याला कढत पाण्यातनं काढून उघडाच ठेवता.”

त्यांनी लेकाच्या हाताकडे पाहिलं. मग त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि अंगठ्याने भेगा चाचपल्या. “म्हंजी मीच वाळवला व्हय ह्याला,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

“वारं वाळवतं, मावशी. तुम्ही फक्त फडकं आधी वापरलंत. आता न्हाऊ द्या त्याचं त्याला. बाहेर आला की तीन मिनिटांच्या आत तुम्ही लावायचं. हे काम तुमचं. उशीर झाला तर मी तुम्हालाच बोलणार.”

“येवढा बापय माणूस, नीट न्हाईल का एकटा?” त्यांनी शंका काढली. विलासराव परत एकादशी शोधू लागले.

महिन्याभरात चट्टे गेले. नवी बरणी न्यायला सुरेखा एकटीच आली होती. मी तिकिटाचं काही विचारलं नाही. जाता जाता तीच म्हणाली, “बॅगा परत माळ्यावर टाकल्या. एकीत कांद्याचं बी भरून ठिवलंय.”

पुढच्या हिवाळ्यात विलासराव आले, अंग गुळगुळीत, तोंड वाकडं. आई आंघोळीला पाणी काढल्यापासून बरणी घेऊन दाराशी उभी असते, म्हणाले. आतून पाण्याचा आवाज थांबला की हाका सुरू. परवा मुलाचे मित्र ओसरीवर बसलेले असताना तिने त्यांना ओल्या पंचावर गाठलं. आता माझं मी लावीन, एवढं लिहून द्या.

आई शेजारीच होत्या. मांडीवरच्या पिशवीत रिकामी बरणी होती, तिचं झाकण फिरवत राहिल्या.

मी लिहून दिलं: हातापायांना पेशंटने स्वतः लावावं. पाठीला हात पोचत नाही. पाठीला आईने लावावं.

विलासरावांनी कागद दोनदा वाचला आणि मुकाट्याने घडी घालून खिशात ठेवला. कुठे लावायचं आणि कधी लावायचं, हे आम्हा डॉक्टरांना कॉलेजात शिकवतात. कोणी लावायचं, हे मी तेव्हापासून आठवणीने लिहिते.