मायच्या दोन दाढा आणि हुरडा

मायच्या तोंडात एकमेकींवर टेकणाऱ्या दाढा दोनच उरल्या होत्या, उजवीकडची एक वरची आणि एक खालची. बाकीच्या कीड आणि मिश्रीनं मिळून संपवल्या. परभणीचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "मिश्री सोडा, गालात गुळाचा खडा ठेवू नका, दोन वेळा ब्रशनं घासा."

मायनं एकच विचारलं, "औंदा हुरडा चावंल का?"

"घासलंत तर चावेल."

मी तिथंच ब्रश घेतला आणि आम्ही गावी, झरीला परतलो. दुसऱ्या दिवशी ब्रश उकिरड्यावर! मायनं जन्मभर कडुलिंबाची काडी वापरलेली. काडी चावायची, दात घासायचे, मग ती उभी चिरून जीभ खरवडायची आणि फेकायची. ब्रश चिरता येईना म्हणून तिनं तो नुसताच फेकला होता.

"अगं माय, तो रोज वापरायचा असतो."

"कालची काडी आज तोंडात घालू? उष्टी न्हाई का ती?"

"मग चमचा कसा चालतो?"

"चमचा आपण राखेनं घासताव."

माझं डोकंच फिरलं. दुसरा ब्रश आणला, तर तिनं तो भांड्यांबरोबर राखेनं घासला, वर उकळतं पाणी ओतलं. त्याचे केस चहूकडं पांगले. तिसऱ्याच्या वेळी मी हात जोडले, "राख चालेल, पण पाणी गार घे." ती कबूल झाली. त्याच भरात तिनं मिश्रीचा डबा चुलीत रिकामा केला आणि आम्ही घरभर शिंकत सुटलो. तेव्हापासून ब्रश वाट्यांच्या फळीवर राहू लागला.

मी मात्र दिवसाला आठ चहा पिऊन न घासताच झोपत होतो. चाळिशीतल्या माणसाला कसली आलीय कीड!

हुरड्याच्या दिवशी माय शेतात खलबत्ता घेऊन आली. "दाढांनी दगा देला तर कुटून खाईन."

तीन ब्रश आणूनही हा भरवसा! मला रागच आला. तेवढ्यात तिनं गरम हुरड्याची मूठ तोंडात टाकली आणि उजव्या गालानं निवांत चावू लागली. इतका आनंद झाला की मीही मूठभर हुरडा तोंडात कोंबला, वर गुळाचा मोठा खडा. डाव्या दाढेतून अशी कळ गेली की मी गाल धरून खाली बसलो.

मायनं खलबत्त्यात हुरडा कुटला आणि माझ्यासमोर धरला.

"खा, बाबा. उद्या तुला एक केसाची काडी घेऊन देते. फेकू नको."