पारोळ्याच्या स्टँडवर आबा बोलले

आमचे घरमालक आबा यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वादहा वाजता, जळगावातल्या एका खाजगी दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाकावर बसलेल्या चौदा माणसांच्या देखत. मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे. कोणावर, कधी आणि कुठे हे आधी सांगून टाकायची मला सवय लागली आहे. पण आबांचं नुसत्या अन्यायावर भागत नाही. एवढ्या मोठ्या आवाजाचा आणि एवढा लाजाळू माणूस अख्ख्या खान्देशात दुसरा झालेला नाही, हेही तितक्याच ठामपणे नोंदवलं पाहिजे.

आबा धुळ्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. एकतीस वर्षं त्यांनी त्या जाळीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारल्या. माईक बंद पडला तरी प्रवाशांना ते कळत नसे, असं जुने कंडक्टर आजही सांगतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचंच स्टँड केलं. सकाळी सहाला पुकारा व्हायचा, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. आंघोळीचं पाणी मोरीत लागलेलं आहे. दहा मिनिटांत सुटेल." पुकारताना मराठी एकदम शुद्ध, आणि पुकारून झालं की लगेच बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, अहिराणीत, "मना टावेल कोठे शे?" दूधवाला, पेपरवाला, नळाचं पाणी, सगळ्यांची येण्याची वेळ ते एका वहीत टिपत. त्यांच्या पुढच्या खोलीत आमच्या संघटनेचं कार्यालय आहे आणि मीही तिथेच झोपतो. सभा लांबून मला उशीर झाला की आबा ओट्यावर वही घेऊन बसलेले. "काय पत्रक, चाळीस मिनिटं उशीर. कारण?" मी म्हणायचो, "आबा, लोकांचे प्रश्न होते." ते शांतपणे लिहायचे, 'कारण : पंक्चर.' लोकांचे प्रश्न असा रकाना त्यांच्या वहीत नव्हता.

असा हा माणूस, पण संडास हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेला नव्हता. परसदाराच्या टोकाला जायचं झालं की ते आधी खाकरत, मग डोक्यावर टोपी घालत, बटणं लावत आणि कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायला निघाल्यासारखे निघत. परत येताना सगळ्यांनी दुसरीकडे बघायचं. काकू म्हणायच्या, "लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, टोपी बघून मी ओळखते." स्टँडवर नोकरी करतानाही स्वच्छतागृह कुठे आहे असं कोणी विचारलं तर आबा फक्त हाताने दिशा दाखवत, म्हणे.

म्हणूनच पोळ्याच्या काही दिवस आधी माझ्या दाराखालून एक कागद आत सरकला तेव्हा मला आधी अर्थ लागेना. आमच्याच जुन्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूला आबांचं टपोरं अक्षर होतं. 'रक्त जाते. सकाळच्या वेळी. दोन महिने. सौ.स कळवू नये.' मी दार उघडलं तर आबा ओट्यावर पाठमोरे उभे राहून आंब्याच्या झाडाकडे पाहत होते. त्यांचे थोरले भाऊ शिंदखेड्याला असत. त्यांनाही असंच व्हायचं. वर्षभर त्यांनी ती मूळव्याध समजून पुड्या खाल्ल्या, घरात कोणाला कळू दिलं नाही, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. हे आबांनीच मला मागे एकदा सांगितलं होतं. त्या दिवशी ते दोघांनाही आठवत होतं, म्हणून मी लगेच चपला घातल्या.

आमच्या धुळ्यातल्या डॉक्टरांनी जळगावची चिठ्ठी दिली. दुर्बिणीने मोठं आतडं तपासायचं ठरलं. त्या दवाखान्याच्या खिडकीतून आबांना तारीख मिळाली आणि सोबत एकच वाक्य मिळालं, "पोट साफ करून या." बस्स. आदल्या दिवशी पोळा. आता खान्देशातल्या माणसाने पोट साफ करायचं म्हणजे काय करायचं, हे त्याच्या आजोबांपासून ठरलेलं आहे. पोटभर जेवायचं आणि वर चहातून एरंडेल घ्यायचं. आबांनी काकूंच्या हातचे खापरावरचे तीन पुरणाचे मांडे खाल्ले, चहातून एरंडेल घेतलं आणि पहाटेच्या गाडीने एकटेच गेले. खिडकीत काय खाल्लंत असं विचारलं, तेव्हा खरं ते सांगितलं. सव्वादहाला आतल्या कर्मचाऱ्याने बाहेर येऊन सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कोण ते पुरणपोळी खाऊन आलेले? आजोबा, आत सगळी घाण आहे. उठा, पुढच्या महिन्यात या." आयुष्यभर दुसऱ्यांना पुकारलेल्या माणसाला असं पुकारलं गेलं. आबा परत आले, वहीत 'गाडी रद्द' असं लिहिलं आणि काकूंना म्हणाले, "मी काही आते जास नही." काकूंना तोवर सगळं कळलं होतंच. नवऱ्याची टोपी दिवसातून पाच वेळा खुंटीवरून उतरते हे काय त्यांना दिसत नव्हतं!

मी पेटलो. चार पानांचं पत्रक लिहिलं. वैद्यकीय व्यवसायाची मग्रुरी, रुग्णाचा स्वाभिमान, शासनाची झोप, सगळं त्यात होतं. छापायला देण्याआधी आबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून चारही पानं वाचली, घडी केली आणि म्हणाले, "यामा शिव्या बठ्ठ्या शेत. पन मी काय करानं, ते कोठे शे?"

एवढं नेमकं मला आजवर कोणी सुनावलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी जळगावला गेलो आणि त्याच दवाखान्यातल्या एका वयस्क सिस्टरसमोर वही घेऊन बसलो. बाई भली होती. तिने जेवणाचा डबा बाजूला ठेवून सगळं सांगितलं आणि मी एका पानात बसवलं. आदल्या दिवशी भाकरी, भाजी, दूध, काही नाही. ज्यातून पेल्याचा तळ दिसतो तेवढंच प्यायचं, म्हणजे साखरपाणी, नारळपाणी, गाळलेलं मुगाचं पाणी, कोरा चहा. लाल सरबत नको, आत ते रक्तासारखं दिसतं. दुपारपासून दवाखान्याने दिलेल्या पावडरचं पाणी थोडं थोडं प्यायचं. त्याने जुलाब होतील आणि व्हायलाच हवेत, शेवटी नुसतं पाणी पडलं की काम झालं. दवाखान्यात मागून उघडा झगा देतात, सगळ्यांनाच देतात. डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, हाताला इंजेक्शन देऊन गुंगी आणतात. आत हवा भरतात म्हणून पोट तडतडतं. अर्धा तास धरा. आतड्यात मांसाचा काही कोंब दिसला तर तिथेच काढतात, काढताना दुखत नाही. परत येताना सोबत माणूस हवा. आबांनी ते पान दोनदा वाचलं आणि फक्त एक दुरुस्ती केली. प्रत्येक ओळीपुढे वेळ घातली.

पुढच्या महिन्यातला तयारीचा दिवस आमच्या घराच्या इतिहासात राहील. कोरा चहा बघून काकू म्हणाल्या, "असा चहा तर आपण भांडलेल्या व्याह्यालाही देत नाही." पावडरच्या पाण्याची पहिली वाटी घेऊन आबांनी तोंड असं केलं की मला वाटलं आता मलाच घरातून काढतील. पण तासाभरात गाड्या सुरू झाल्या. टोपी घालायला वेळ पुरेना. तिसऱ्या खेपेला त्यांनी बटणं सोडली, पाचव्या खेपेला टोपी सोडली, आणि सातव्या खेपेला परत येताना, मी समोर बसलेलो असताना, ते चक्क माझ्याकडे बघून म्हणाले, "ही जादा गाडी व्हती." वहीत त्यांनी बाराही फेऱ्या वेळेसकट टिपल्या. शेवटच्या फेरीपुढे 'स्वच्छ पाणी' असं लिहून खाली सही केली. तोवर दिवेलागणही झाली नव्हती.

सकाळी आम्ही दोघे जळगावच्या गाडीत बसलो. वाटेतल्या कुठल्या स्टँडचं स्वच्छतागृह कुठल्या बाजूला आहे हे आबांना पाठ होतं, त्यामुळे मला तशी काळजी नव्हती. पण पारोळ्याचं माझ्या ध्यानातच आलं नाही. पारोळ्याला आबांची धाकटी बहीण राहते. भाऊ त्या रस्त्याने जाणार म्हटलं की ती डबा घेऊन स्टँडवर उभी असते आणि आजवर आबांनी तो डबा कधी परत पाठवलेला नाही. आम्ही जाणार हे तिला कोणीतरी सांगितलं होतं, कशासाठी जाणार हे मात्र नव्हतं. गाडी थांबली आणि खिडकीतून डबा आत आला. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. वास सगळ्या गाडीत पसरला.

"भाऊ, दोन घास खाई ले."

"भूक नही माय."

"भूक नही? तुले?"

कंडक्टर आबांना ओळखत होता. तो म्हणाला, "खा आबा, पाच मिनिटं थांबवतो गाडी. तुमच्यासाठी नाही थांबवायची तर कोणासाठी?" पलीकडच्या सीटवरचे कापड दुकानदार शेठ म्हणाले, "आबासाहेब, अन्नाला नाही म्हणू नये." मागून एक आजीबाई म्हणाल्या, "बहीणनं मन मोडू नको, भाऊ." बहिणीचे डोळे भरले. "मना हातनं आते गोड लागस नही का?" अख्खी गाडी एका बाजूला, आबा एका बाजूला. त्यांचा हात डब्याकडे गेला. गेलाच. एक घास पोटात गेला असता तर पुन्हा परत, पुन्हा तो व्हरांडा, आणि आबा तिसऱ्यांदा जळगावला गेले नसते हे मला पक्कं ठाऊक होतं. मी बोलायला उठलो, तर त्यांनी माझा खांदा दाबून मला खाली बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं."

खाली फलाटावरचे भजीवालेसुद्धा गप्प झाले.

"मला… माझ्या…" शुद्ध मराठी तिथेच संपली. "मना संडासमा रगत जास. तीन महिना व्हयनात. आज जयगावले दुर्बीन घालीसन आतडं देखतीन, म्हनीसन पोट रिकामं ठेवानं शे. मना दादानी कोनले सांगं नही, त्या मरी ग्यात. मी सांगी राहिनू."

आणि बसले. कोणी हसलं नाही. बहिणीने डब्याचं झाकण लावलं, खिडकीतून हात घालून आबांच्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, "जाय भाऊ. येताना खाजो." कंडक्टरने घंटी मारली.

एरंडोल यायच्या आत, धुळ्याहूनच बसलेला मागच्या सीटवरचा एक घोंगडीवाला म्हातारा आमच्याजवळ आला, वाकला आणि खूप हळू आवाजात त्याने विचारलं, "तो दवाखाना कोठे शे, आबा?" मग आणखी हळू, "घरमा कोनले सांगेल नही." माझ्याकडे तयारीच्या त्या पानाची कार्बनप्रत होती. तिच्यावर मी पत्ता लिहून दिला. त्याने ती घडी करून बंडीत ठेवली आणि एरंडोलला उतरून गेला. नाव विचारायचं राहून गेलं. सभेत शंभर जणांची नावं टिपून घेणारा मी, तिथे राहून गेलं.

बाकीचं पानावर लिहिल्यासारखंच झालं. झगा, डावी कुशी, गुंगी. एक कोंब निघाला, तो काढून तपासायला पाठवला. तो साधा निघाला, कॅन्सरचा नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी काही वर्षं राहिला असता तर साधा राहिलाच असता असं नाही. सिस्टरने "आजोबा, गॅस सोडा, लाजू नका" म्हटलं तेव्हा मात्र आबांनी आम्हा दोघांना खोलीबाहेर काढून दार लावून घेतलं. एका दिवसात माणूस किती बदलणार? ते पान आता त्या दवाखान्याच्या खिडकीत लावलेलं आहे. त्यासाठी मला फार भांडावं लागलं नाही, याचं थोडं वाईटही वाटलं.

आबा हल्ली संध्याकाळी स्टँडवर जातात. जळगावकडून येणाऱ्या गाड्या लागतात तिथे उभे राहतात आणि उतरणाऱ्यांचे चेहरे बघतात. घरी आल्यावर मी विचारत नाही, तरी ते सांगतात, "तो घोंगडीवाला काही दिसना नही." मी म्हणतो, "जाऊन आला असेल, आबा. बरा असेल." ते माझ्याकडे बघतात आणि मान हलवतात, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, मला आजवर समजलेलं नाही.

तुमच्याही घरात असं कोणीतरी आहे. वडील असतील, सासरे असतील, थोरली अक्का असेल. हे वाचून झालं की त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, संडासला रक्त जातं का? स्पष्ट शब्दात विचारा. ते विषय बदलतील, तरी उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.