झडतीवाला

१९८६ साल. मी चौसष्ट वर्षांचा. "हात वर करा भाऊ, पाहू द्या," म्हणत तो माझ्या कमरेवरून, बंडीच्या खिशांवरून हात फिरवत होता, आणि समोर खाण नव्हतीच. ती कधीची बंद झालेली. भद्रावतीकडच्या आमच्या त्या गावात निम्मी क्वार्टरं ओस पडली होती. दिवे ठेवायच्या जुन्या खोलीत कंपनीनं संग्रहालय मांडलं होतं. टोप्या, दिवे, फावडी, आणि मागं लाकडाचा, काळा रंग दिलेला खोटा बोगदा. दारावर बसवला आमचा जुना झडतीवाला.

तुम्ही खाणीत उतरला नसाल म्हणून सांगतो. आत गॅस असतो. एकानं काडी ओढली की सगळे गेले. म्हणून खाणीच्या तोंडाशी एक माणूस प्रत्येकाला चाचपतो, बिडी-काडीपेटी काढून घेतो. यानं जन्मभर तेच केलं. मॅनेजरलाही सोडलं नाही. मी सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणारा, बिडीला शिवलो नाही, हे साऱ्या पाळीला ठाऊक. तरी मला तो दोनदा चाचपायचा.

एकदा चिडून विचारलं, "माह्याजवळ कधी सापडली काय रे?"

"आजवर नाई सापडली," तो म्हणाला.

ते 'आजवर' मला फार झोंबलं.

संग्रहालयातही तोच खाक्या. शाळेच्या पोरांचे खिसे बघायचा, बायांना पिशव्या उलट्या करायला लावायचा. तक्रारी गेल्या. मग कंपनीच्या साहेबानं मला बोलावलं. त्याला समजवा म्हणाला. खाणीत असताना या साहेबानं माझं नावही विचारलं नव्हतं, आता खुर्ची देतो, तेव्हाच मला संशय आला. तरी गेलो.

"आत आता काय पेटनार हाये?" मी म्हटलं.

"लाकूड हाये. अन् मानसं हायेत."

"नोकरी जाईल तुयी."

"जाईल तं जाईल. तू काऊन आला? साहेबानं चहा पाजला वाटते."

पाजलाच होता.

आठवड्यानं नागपूरचे मोठे साहेब आले. यानं त्यांनाही हात वर करायला लावले आणि लायटर काढून स्टुलावर ठेवला. साहेब हसले. पण संध्याकाळी याला घरी बसवलं, आणि दारावर मला बसायला सांगितलं. अट एकच, कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. परक्यापेक्षा मी बरा, म्हणून मी हो म्हटलं.

हे सांगायला त्याच्या क्वार्टरवर गेलो. शिव्या देईल असं वाटलं होतं. तो तांदूळ निवडत होता. मान वर न करता म्हणाला, "बस तू. उद्या मी आत जाऊन येतो. इतकी वर्सं तोंडाशीच उभा होतो."

खरंच होतं ते. लोकांना आत सोडणारा हा माणूस खाणीत कधी उतरलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला तोच आला. धुतलेलं धोतर, हातात तिकीट. माझ्या मागं कंपनीचा बाबू उभा. यानं हात वर केले नाहीत. नुसतं विचारलं, "जाऊ काय?"

मी उठलो. "हात वर करा भाऊ," म्हटलं, आणि बाबूच्या देखत त्याला चाचपलं. बंडीच्या आतल्या खिशात काडीपेटी निघाली, भरलेली. मला पारखायला मुद्दाम ठेवली होती, का जन्मभर असायचीच, मी विचारलं नाही. आता तो नाही, विचारायची सोयही नाही. काडीपेटी मी स्टुलावर ठेवली आणि त्याला आत सोडलं.