म्हातारबाचा आवाज

टायपिस्टबाईंना दिसत नव्हतं, पण त्यांच्या कानांपुढे भल्याभल्या डोळसांनी पाणी भरावं. दवाखान्यातले डॉक्टर पेशंटची माहिती बोलून ठेवायचे, बाई घरी बसून ते ऐकून टाइप करायच्या आणि संगणकातला एक घोगरा, नाकातला आवाज त्यांना ते वाचून दाखवायचा. सतरा वर्षं तोच आवाज. बाईंनी त्याचं नाव ठेवलं होतं म्हातारबा. कामाच्या घाईत त्याला इतका भरधाव पळवायच्या की दुसऱ्याला नुसती खडखड ऐकू यावी. अडखळला की "अरे, नीट बोल की मेल्या!" म्हणून झापायच्या. आई गेल्यापासून घरात दुसरं होतं तरी कोण? भावाचा फोन रविवारी, तोही उभ्याउभ्या.

मग दवाखान्यातून फोन आला. बाईंच्या जुन्या संगणकाचे अपडेट कंपनीने कायमचे बंद केले होते. एक तारखेपासून असली यंत्रं दवाखाना जोडून घेणार नव्हता, सुरक्षेचा प्रश्न म्हणे. नवा घ्या, नाहीतर काम विसरा. आता यात म्हातारबाचा काय गुन्हा? पण सांगणार कुणाला!

भावाने नवा संगणक पाठवला. दुरुस्तीवाल्याने दोन तास खटपट केली आणि हात टेकले. "ताई, तुमचा तो जुना आवाज यावर चालणारच नाही. पण ही नवीन बाई ऐका, काय गोड बोलते!"

बोलत होती खरी, अगदी माणसासारखी. टायपिस्टबाईंनी मात्र तिला वाक्याच्या मधेच बंद केलं.

"जुना भंगारात देऊ का?"

"तुझ्या जिभेला काही हाड?" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की तो चहाही न घेता गेला.

महिनाभर त्यांनी नव्या बाईबरोबर काम केलं. पोट आहे ना! ती कधी अडखळली नाही, त्यामुळे तिला झापायचीही सोय नव्हती. आई असताना रोज संध्याकाळी विचारायची, जेवलीस का. आता काम संपलं की घर गप्प व्हायचं आणि बाई पुष्कळदा तशाच आडव्या व्हायच्या.

एका संध्याकाळी त्यांनी जुन्या संगणकाची वायर लावली. इंटरनेट नाही, काम नाही. म्हातारबाचा वेग त्यांनी अगदी खाली आणला. आता घाई कुणाला होती? मग दोन शब्द टाइप केले.

"जेवलीस का?" म्हातारबाने नाकातून, सावकाश विचारलं.

"नाही रे," बाई म्हणाल्या, आणि डोळे पुसत ताट वाढून घ्यायला उठल्या.