रेडिओवरचं दही

कारखान्यात माझं काम भट्टीवर. पोलादाचे सुटे भाग लालबुंद तापवायचे, ठरल्या वेळी तेलात बुडवायचे आणि हवे तेवढे कडक झाले की नाही ते तपासायचं. बाहेरचे पाहुणे आले की साहेब माझी ओळख "आमचा टेंपरेचरचा माणूस" अशी करून देत आणि मी मान खाली घालून विनयाचं नाटक करत असे. या माणसाला घरी पातेलंभर बकरीचं दूध धड कोमट ठेवता येत नाही, हे मी त्या काळात कारखान्यात कुणालाही कळू दिलं नाही.

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहत होतो. बायको पहिल्या बाळंतपणासाठी सांगलीला माहेरी गेली होती आणि मी एकटा भात करपवून खात होतो. अशा वेळी वडील आले.

वडील कोर्टात नाझर होते. सारा जन्म लोकांच्या घरी जप्त्या करण्यात गेला. त्यामुळे कुणाच्याही घरात शिरले की आधी सगळ्या वस्तूंवर नजर फिरवायची, हे त्यांच्या अंगातच मुरलेलं. माझ्या स्वयंपाकघरात तसेच उभे राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "स्टोव्हची पिन कुठाय?" पिन हरवली होती. लहानपणापासून त्यांच्या लेखी मी धांदरट आणि थोरला भाऊ शहाणा. आई गेल्यावर ते भावाकडे राहिले, यात कुणालाच नवल वाटलं नाही. माझ्याकडे राहायला ते त्याआधी कधी आलेच नव्हते.

आले तेही पोटामुळे. काही पचत नव्हतं. वैद्यांनी मऊ भात आणि बकरीचं दही एवढंच खायला सांगितलं होतं. नुसतं दूध सोसत नसे, गाईम्हशीचं दही जड पडे. शिवाय हवा बदला म्हणाले. भावाकडे बकरीच्या दह्याची सोय चोख होती, पण हवा त्याला बदलता येण्यासारखी नव्हती.

"आठ दिवस बघतो," वडील पिशवी खाली ठेवत म्हणाले. "दही जमलं तर राहीन. नाहीतर थोरल्याकडे परत."

मला ते राहायला हवे होते. आई गेल्यापासून ते फार थोडं बोलत, जेवण पुढ्यात घेऊन नुसते बसून राहत. पण "अप्पा, राहा ना" असं तोंडावर म्हणायची आमच्या घराण्यात रीत नव्हती. म्हणून मी म्हटलं, "दही म्हणजे काय, हातचा मळ आहे."

रोज संध्याकाळी एक बाई बकरी घेऊन दारात येई आणि समोर धार काढून देई. विरजण घरमालकीणबाईंकडून. त्या पुढच्या भागात राहत. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं, मराठी घरात जपलेलं. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणे. मी दूध तापवलं, निववलं, विरजण ढवळलं, झाकण ठेवलं आणि सकाळी ऐटीत झाकण उघडलं.

वडिलांनी वाकून पाहिलं. "हे दूध आहे," ते म्हणाले.

पुढच्या खेपेला मी विरजण दुप्पट घातलं, तर आंबट पाणी मिळालं. मग मी शास्त्राकडे वळलो आणि कारखान्यातून थर्मामीटर मागून आणला. मी तो पातेल्यात धरून उभा असताना अक्का दारात आल्या आणि बघतच राहिल्या.

"अय्यो, दुधाला ज्वर आलाय काय?" त्या आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या. "असलं काही नको रे तम्मा. स्वल्प निवू दे, बोट बुडवून बघ, देठासकट चार सुक्या मिरच्या टाक. बकरीचं असलं तरी लागतंय, सरी?"

मी मिरच्या टाकल्या. गल्लीतल्या एका गृहस्थानं चांदीचा रुपया टाकायला सांगितलं, तोही टाकला. दही लागलं नाही. पोट बिघडलेल्या माणसाच्या वाटीत मात्र मिरचीचं बी गेलं आणि वडिलांनी ते चिमटीत धरून माझ्या ताटात ठेवलं. मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग मी सगळा दोष थंडीवर ढकलला. डिसेंबर होता आणि बंगळूरची थंडी त्या वेळी खरोखर थंडी असे. पातेलं बायकोच्या शालीत गुंडाळून रात्री ट्रंकेत ठेवलं, वर माझा स्वेटर. सकाळी ते पातळच, म्हणून मी माझी सर्वांत हुशार युक्ती काढली. आमचा रेडिओ मोठ्या लाकडी खोक्याचा, आत व्हॉल्व्हचे दिवे. तासभर चालला की त्याचं डोकं छान उबदार होई. बकरीच्या दुधाला वेळ जास्त लागतो असं ऐकलं होतं, तेव्हा रात्रभर ट्रंकेत आणि दिवसभर रेडिओवर, असा कार्यक्रम ठरला. कामावर निघताना मी वडिलांना बजावत असे, "रेडिओ बंद करू नका. आणि गाणं लागलं की आवाज बारीक करा. मृदंगानं खोकं थरथरतं."

वडिलांनी हे निमूट ऐकलं. शेतीवरची कन्नड भाषणं त्यांनी ऐकली, प्रक्षेपण थांबलं की नुसती खरखर ऐकली. संध्याकाळी मी येई, पातेलं उचले, कलतं करून बघे. आत पांढऱ्या गुठळ्या आणि हिरवट पाणी. सकाळी मी चमच्यानं खणून पाहिलेलं असे, तेव्हाही तेच. मोठ्या तोऱ्यात मी म्हणे, "उद्या व्होल्टेज बरं असेल." रात्री वडील दोन घास कोरडा भात खात आणि उठत. त्यांची मनगटं दिवसेंदिवस बारीक दिसू लागली होती. मला भीती वाटत होती, पण मी व्होल्टेजबद्दलच बोलत राहिलो.

आठव्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "उद्याचं तिकीट काढून आण."

मी बरं म्हटलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कारखान्यातून स्टेशनकडे जाणारी बस धरली आणि कंडक्टर समोर उभा राहिल्यावर कळलं की पाकीट घरीच राहिलं. सुटे पैसे घर गाठण्यापुरते निघाले. स्वतःला शिव्या देत भर दुपारी गल्लीत शिरलो. खिडकी उघडी होती.

वडील रेडिओसमोर स्टूल ओढून बसले होते. शाल बाजूला, झाकण मांडीवर. त्यांनी दोन्ही हातांनी पातेलं हळूच कलतं केलं, पुन्हा सरळ केलं, मग करंगळी आत घालून पाहिली. आणि हा माणूस, ज्यानं रडणाऱ्या बायकांसमोर भांडी मोजून नेली होती, त्या पातेल्याला अगदी अजिजीनं म्हणत होता, "लाग रे बाबा. आज तरी लाग."

त्यांना जायचं नव्हतं.

मी आत गेलो नाही. पाय न वाजवता मागं फिरलो आणि बाजारापाशी एका झाडाखाली जाऊन बसलो. खिशात कॉफीपुरते पैसे नव्हते. डोळ्यांत सारखं पाणी येत होतं आणि भाजीवाली मला दोनदा विचारून गेली की काय झालं. कारखाना सुटायच्या वेळेला मी घरी आलो, तेही फाटकाची कडी चांगली वाजवत.

"तिकीट?" वडिलांनी विचारलं.

"पाकीट विसरलो."

"दिसलं मला. धांदरट," ते म्हणाले, पण त्यात नेहमीची धार नव्हती.

मी पातेलं खाली घेतलं. या वेळी उचललं ते फुलासारखं, आणि कलतं न करता वरून नुसतं पाहिलं. कडेला सगळीकडे दही लागलेलं होतं. मऊ, थरथरतं, पण दही. मधे एका बाजूला माझ्या सकाळच्या चमच्यानं पाडलेला खड्डा, दुसऱ्या बाजूला करंगळीचा, आणि दोन्हींत पाणी जमलेलं. दूध बिचारं रोज आपलं काम करत होतं. आम्ही बापलेक मिळून रोज ते मोडत होतो. भट्टीतला तुकडा पुरा व्हायच्या आत बाहेर ओढला म्हणून मी पोरांना फैलावर घेत असे, आणि घरी हा प्रकार.

करंगळीबद्दल मी एक अक्षर काढलं नाही. खड्डे चुकवून कडेचं काढायला गेलो, तर घाईत माझाच हात लागून सगळं ढवळून निघालं. वाटीत पडलं ते जवळजवळ ताक. ती वाटी मी भातावर ओतली आणि पुढं ठेवली.

"दही लागलं अप्पा," मी म्हटलं.

वडिलांनी ताटाकडे पाहिलं. भातातून पाणी चारी बाजूंनी वाहत होतं. खोट्या पंचनाम्यावर या माणसानं कधी सही केली नव्हती. त्यांनी भात कालवला, एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग ताट तिरकं करून सगळं पिऊन टाकलं.

"घट्ट झालंय चांगलं," ते म्हणाले. "त्या बकरीवालीला सांग, उद्यापासून दूध जास्त घाल. सूनबाई बाळाला घेऊन येईपर्यंत मी इथंच आहे."