वातीचा पीळ

देवासमोर बसून आई मांडीवर वात वळत होती. हल्ली तिची बोटं बधिर असतात, पीळ बसत नाही. डॉक्टर म्हणाले होते, मज्जातंतूंच्या पेशींतही प्रथिनांचे बारीक धागे असतात, पेशी त्यांच्यावरच तग धरते. मोठ्या आजारात ते तुटतात आणि त्यांचे तुकडे रक्तात उतरतात. तेव्हापासून मला तिची सैल वात बघवत नव्हती.

काल तपासणीतून कळलं, रक्तात तुकडे वाढलेले नाहीत. जीवनसत्त्व कमी पडलंय, इंजेक्शनांनी भरून निघेल.

आजही वात सैलच झाली. आई नेहमीसारखी म्हणाली, "मेला कापूसच वाईट."

"हो गं, कापूसच," मी म्हणाले. हे खोटं बोलताना आज माझा आवाज कापला नाही.